बर्फाचं रूनाक्षर 'ईस' रंगवताना: एका उभ्या रेघेचं चित्र

उभी_रेघ

रून म्हणजे उत्तर युरोपातल्या जर्मानिक भाषकांची जुनी, कोरून लिहायची लिपी. तिच्या जुन्या 24 अक्षरांच्या मालेत 'ईस' हे अकरावं अक्षर. अर्थ बर्फ, उच्चार 'इ', आकार एक उभी रेघ. फाटा नाही, कोन नाही. रंगवायला घेतलं की सगळ्यात अवघड हेच, कारण आकारात पकडायला काहीच नाही.

आंतरजालावर या अक्षराची जी चित्रं सापडतात त्यांत बहुधा निळी हिमशिखरं, मध्ये चमकणारी पांढरी रेघ आणि 'स्तब्धता', 'गोठलेपण' असा मथळा असतो. हा अर्थ गेल्या शतकातल्या भविष्य सांगणाऱ्या पुस्तकांमधून पसरला. अक्षरांच्या नावांवर रचलेल्या जुन्या तीन रूनकविता वाचल्या तर चित्र पार बदलतं. त्यांचा आशय असा:

जुन्या इंग्रजीतली कविता: बर्फ अतिशय थंड, बेसुमार निसरडा, काचेसारखा नितळ, रत्नांसारखा झळकतो, हिमाने घडवलेली जमीन, दिसायला देखणी.

नॉर्वेची: बर्फाला आम्ही रुंद पूल म्हणतो; आंधळ्याला हात धरून न्यावं लागतं.

आइसलँडची: नदीची साल, लाटेचं छप्पर, मरण ओढवलेल्यांचा घात.

जमीन, पूल, साल, छप्पर. चारही शब्द पृष्ठभागाचे आहेत, आणि प्रत्येकाच्या खाली काहीतरी आहे. स्तब्धतेचा उल्लेखही नाही. या तिघांच्या दृष्टीने बर्फ म्हणजे ज्यावर पाय ठेवायचा आणि ज्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही, असं काहीतरी. म्हणून माझं म्हणणं असं की या अक्षराच्या चित्रात थंडी रंगवू नये, खोली रंगवावी. खाली काळं पाणी, वर पारदर्शक साल आणि तिच्यात कोरलेली एक पांढरी रेघ.

फलक 60 × 20 सेंमी, उभा. माध्यम अंड्याच्या बलकातलं टेम्परा, कारण पातळ पारदर्शक थर त्यात एकावर एक चढवता येतात आणि प्रत्येक थर काही मिनिटांत हाताला सुकतो. कृती खाली टप्प्याटप्प्याने लिहीन. आधी अर्थाबद्दल आणि रंगांबद्दल बोलू.

रूनवाचक

कवितांची निवड योग्य आहे, पण त्यांचा काळही लक्षात असू द्या. इंग्रजी कवितेचं हस्तलिखित 1731 च्या आगीत जळालं, आपल्या हाती आहे ती 1705 ची छापील प्रत. नॉर्वेची कविता तेराव्या शतकातली मानतात. आइसलँडच्या कवितेचं सर्वांत जुनं हस्तलिखित साधारण 1500 च्या सुमाराचं. 24 अक्षरांची माला या सगळ्यांच्या कितीतरी आधीची. स्वीडनच्या गोटलँड बेटावरच्या क्युल्व्हर शिलेवर ती ओळीने कोरलेली आहे, ती 400 च्या आसपासची. तेव्हा 'मूळ अर्थ' असा शिक्का मारू नका, 'रूनकवितांमधला अर्थ' म्हणा.

या अक्षराचं 'ईसाझ' असं नाव कुठे दिसलं तर ते भाषाशास्त्रज्ञांनी नंतरच्या भाषांवरून मागे जात बांधलेलं रूप आहे. चित्राखाली नाव लिहायचं तर 'ईस' पुरे.

आणखी एक कडवं तुमच्या बाजूने बोलतं. 'हावामाल' या जुन्या नॉर्स उपदेशपर काव्याच्या 81व्या कडव्यात म्हटलंय की दिवसाची स्तुती संध्याकाळी करावी आणि बर्फाची स्तुती तो ओलांडून झाल्यावर. म्हणजे ज्या लोकांनी ही अक्षरं वापरली त्यांच्या जगात बर्फ हा रस्ता होता. स्वीडनच्या मेलारेन सरोवरातल्या बिर्का या व्यापारी गावाच्या उत्खननात हाडांचे स्केट आणि बुटाला लावायचे लोखंडी खिळे सापडले आहेत. हिवाळ्यात गोठलेलं पाणी म्हणजे वाहतुकीची सोय. 'रुंद पूल' हे शब्द त्या अर्थाने शब्दशः घ्या.

शेंदूर_गेरू

रंगांचं बोलायचं तर रेघ पांढरी का? रूनाक्षरं रंगवली जात, आणि रंगांचे जे पुरावे आहेत त्यांत लाल ठळक आहे.

नॉर्वेतल्या आयनांग शिलेवर (चौथं शतक) कोरणाऱ्याने 'फाइहिदो' हे क्रियापद वापरलंय, त्याचा अर्थ 'रंगवलं'. स्वीडनमधल्या प्रसिद्ध र्यॉक शिलेवर, नवव्या शतकात, वारिन नावाचा बाप मेलेल्या मुलासाठी अक्षरं 'फाथी' म्हणजे रंगवतो. पुढे अकराव्या शतकात ओव्हरसेलो चर्चजवळच्या शिलेवर 'रूनांनी लाल केलेले दगड' असे शब्द आहेत, आणि येर्स्ताच्या शिलेवर तर कामाची वाटणीच नोंदवली आहे: एस्बयोर्नने कोरलं, उल्फने रंगवलं. रंगारी हा वेगळा कारागीर असू शकत होता, त्याचं नाव दगडावर येत होतं. चित्रकाराने हे विसरू नये.

ओलांड बेटावरच्या शेपिंग चर्चच्या बांधकामात रूनशिलांचे तुकडे वापरले होते. ऊन-पाऊस न लागल्याने त्यांच्यावरचा रंग टिकला. लाल आणि काळा, आणि काही ठिकाणी एक शब्द लाल तर पुढचा काळा. लालमध्ये शिशाचा लाल ऑक्साइड, म्हणजे आपला शेंदूर. काळ्यात काजळी. महाराष्ट्रात गावाच्या वेशीवरच्या दगडाला जो शेंदूर फासतात तोच पारंपरिक पदार्थ. हेतू मात्र निराळा: आपल्याकडे शेंदूर दगडाचा देव करतो, तिथे दगडाची अक्षरं वाचती करतो.

म्हणून रेघ लाल हवी असं माझं मत. बर्फाच्या रंगात बर्फाचं अक्षर लिहिलं तर ते दृश्य होतं, अक्षर राहत नाही.

थंड_पाणी

लाल म्हणजे रक्त असा अर्थ लागणार नाही का? तोही बर्फावर?

शेंदूर_गेरू

लागेल, आणि त्याला साहित्यात आधारही आहे: 'एगिलचा सागा' या आइसलँडच्या जुन्या गद्यकथेत एगिल शिंगाच्या प्याल्यावर रूनाक्षरं कोरून रक्ताने माखतो. पण शिलांवर तपासणीत सापडतात ती खनिजं. रक्ताची छटा टाळायची तर लालमध्ये निळसर झाक येऊ देऊ नका. किरमिजी, अलिझरिन, क्विनाक्रिडोन हे सगळे बाजूला ठेवा. गेरूचा विटकरी लाल घ्या. तो मातीचा दिसतो, जखमेचा नाही.

खरा शेंदूर वापरू नका. शिसं विषारी आहे, कोरडी पूड श्वासात जाते. शिवाय पाण्यात मिसळणाऱ्या माध्यमात उजेड आणि दमट हवेने तो तपकिरी-काळा पडतो. ती नारिंगी छटाच हवी असेल तर लाल आयर्न ऑक्साइडमध्ये (पीआर 101, हा रंगद्रव्याचा क्रमांक) पायरोल ऑरेंज (पीओ 73) मिसळा, साधारण तीनास एक.

उभी_रेघ

लाल मान्य. मूळ आराखड्यात मी रेघ पांढरी धरली होती, ती बदलतो. आता कृती.

फलक 6 मिमी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली पाटी. लाकडी फळी घेतली तर ती पावसाळ्यात वाकते आणि वरचा खडूचा थर तडकतो. सरस 70 ग्रॅम, पाणी 1 लिटर. रात्रभर भिजवा, सकाळी भांड्यात भांडं ठेवून गरम करा. 60 अंशांच्या वर नेऊ नका. उकळला तर सरसाची पकड जाते आणि पुढे सगळा थर पापुद्र्यासारखा सुटतो. नुसत्या सरसपाण्याचा एक हात दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना द्या. एकाच बाजूला दिला तर फलक त्या बाजूला ओढला जाऊन वाकतो.

दुसऱ्या दिवशी एका वाटी कोमट सरसपाण्यात दीड वाटी व्हायटिंग पावडर, म्हणजे खडूची पूड. पावडर वरून भुरभुरत टाका आणि आपोआप बुडू द्या. चमच्याने फेटली की हवा शिरते आणि सुकल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. गाळून घ्या. आठ हात, प्रत्येक हात आधीच्याला काटकोनात. ओली चमक गेली की पुढचा. पहिला हात बोटांनी चोळून लावलात तर भोकं जवळपास पडतच नाहीत. मिश्रण सर्व हातांना एकाच ताकदीचं हवं. वरच्या हातांत सरस जास्त झाला तर जाळीसारखे तडे जातात. तीन दिवस सुकवून 220 आणि मग 400 नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, हस्तिदंतासारखं लागेपर्यंत.

कोकणवारा

दमट हवेत सरसाला दोन दिवसांत वास येतो. उरलेला फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. लागेल तेवढाच वाटीत काढून गरम करा, सगळा पुन्हा पुन्हा तापवू नका. तीन दिवस सुकवणं हे कोरड्या हवेचं गणित आहे. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्याजवळ आठवडा धरा. हाताचा मागचा भाग फलकाला लावून पाहा, गार लागला तर आत ओल आहे.

उभी_रेघ

आता बर्फाचे थर. बलक पांढऱ्यापासून वेगळा करा, कागदी रुमालावर घरंगळवून कोरडा करा, चिमटीत पिशवी धरून खालून टोचा आणि फक्त आतला द्रव घ्या. एका बलकाला एक चमचा पाणी. रंगाची पूड आधी पाण्यात वाटून लोण्यासारखी करायची आणि रंगवताना तिच्यात तेवढाच बलक घालायचा. चाचणी: काचेवर एक फटकारा मारा, सुकल्यावर पात्याने खरवडा. वेटोळं होऊन सलग निघाला तर प्रमाण बरोबर. भुगा झाला तर बलक कमी. चिकट, चकचकीत राहिला तर बलक जास्त.

पहिला थर काळं पाणी: काजळी आणि थोडा अल्ट्रामरिन. काजळी पाण्यावर तरंगते, मिसळत नाही. तिच्यावर आधी दोन-तीन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल टाका, मग पाणी घाला, लगेच बसते. हा थर सारखा काळा नको. फलकाच्या मध्यावर सर्वांत गडद, कडांकडे विरळ, खडूचा पांढरा किंचित डोकावेल असा.

त्यावर टेर व्हर्ट, म्हणजे हिरवी माती (पीजी 23), अगदी पातळ. ही माती मुळातच अशक्त आणि पारदर्शक, म्हणून या कामाला सोन्यासारखी. थॅलो हिरवा वापरायचा मोह होतो, पण तो इतका जोरकस आहे की सुईच्या टोकाएवढा जास्त झाला तरी पोहण्याच्या तलावाचा रंग येतो. हिरव्या मातीचे आणि झिंक पांढऱ्याचे थर आलटून पालटून, एकूण पंधरा ते वीस. टायटॅनियम पांढरा नको, तो झाकतो. झिंक पांढरा धुक्यासारखा बसतो आणि काळ्यावर पातळ ओढला की स्वतःच निळसर दिसतो.

ब्रश जवळजवळ कोरडा हवा. त्याच जागी ओला ब्रश दोनदा फिरवला की खालचा थर उचलला जातो आणि टकलासारखा डाग पडतो. तो दुरुस्त करायला त्या क्षणी हात लावू नका. पूर्ण सुकू द्या, मग बारीक रेघांनी भरून काढा.

स्टॉकहोमकर

बर्फ पाहून रंगवणाऱ्यांसाठी महत्त्वाचा मुद्दा. नवा, नितळ बर्फ पांढरा दिसत नाही, काळा दिसतो, कारण त्यातून खालचं पाणी दिसतं. स्वीडिश लोक त्याला 'काळा बर्फ' असंच म्हणतात. पांढरेपणा येतो तो अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे किंवा भिजून गोठलेल्या बर्फवृष्टीमुळे. आणि ताकदीचा हिशेब डोळ्यांच्या अंदाजाच्या उलट आहे: सारख्या जाडीचा काळा, घट्ट बर्फ पांढऱ्यापेक्षा बराच मजबूत. चालण्यासाठी अशा बर्फाची किमान 10 सेंमी जाडी सांगतात. वसंतातला कुजका बर्फ वेगळा, तो काळपट दिसला तरी दगा देतो.

तुमच्या चित्रात हे आणता आलं तर 'घात' आणि 'पूल' दोन्ही एकाच फलकावर येतील. देखणा पांढरा भाग धोक्याचा, भीती वाटणारा काळा भाग भरवशाचा. लाल रेघ कुठून जाते हे मग अर्थपूर्ण ठरतं.

तड्यांबद्दल. नितळ बर्फातला तडा वरून रेघेसारखा दिसला तरी तो आत उतरलेला उभा पडदा असतो. तिरकं पाहिलं की रिबिनीसारखा दिसतो. म्हणून त्याची वरची कड धारदार आणि खालची कड विरघळत गेलेली रंगवा. दोन्ही कडा धारदार झाल्या की काचेवरचा ओरखडा होतो. बुडबुडे एकाखाली एक अशा माळांमध्ये येतात, चपटे, नाण्यांच्या चळतीसारखे. इकडेतिकडे ठिपके टाकू नका.

थंड_पाणी

पण फलक उभा आहे. नुसतीच उभी रेघ काढली तर अक्षर आहे हे कळणार कसं? कुणालाही तो फक्त पट्टा वाटेल.

रूनवाचक

मोलाचा प्रश्न. अक्षर वाचलं जातं ते शेजारामुळे आणि उंचीमुळे. शिलांवर अक्षरं दोन समांतर कडांच्या पट्ट्यात बसवतात आणि रेघ बहुधा वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जाते. म्हणून वर आणि खाली दोन आडव्या सीमारेषा द्या आणि रेघ दोन्हींना टेकवा. मग ते लिहिलेलं वाटतं.

उंचीबद्दल विशेष सावध. 16 अक्षरांच्या नंतरच्या मालेत, र्यॉक शिलेवर आहे त्या आखूड फाट्यांच्या प्रकारात, 'स' हे अक्षर म्हणजे वरच्या अर्ध्यातच संपणारी उभी रेघ. तुमची रेघ खाली विरघळत, पाण्यात हरवत नेण्याचा विचार असेल तर जाणकार ते 'स' वाचेल. रेघ पूर्ण हवी.

उलटं काढलं तर अर्थ उलटा होतो का, असाही प्रश्न येईलच. ही रेघ उलटी केली तरी तीच राहते. शिवाय उलट्या अक्षराचा उलटा अर्थ ही अलीकडच्या भविष्यकथनातली पद्धत आहे.

रेघ स्वतः काहीतरी वस्तू व्हावी असं वाटत असेल तर स्वीडनच्या सॉदर्मनलांडमधली स्पोंगा शिला पाहा. तिच्यावर जहाज कोरलंय आणि जहाजाच्या डोलकाठीच्या उभ्या रेघेवरच अक्षरांचे फाटे बसवलेत. एकच दांडा, अनेक अक्षरं. एक रेघ किती पेलू शकते याचा तो उत्तम नमुना.

एक टाळा: या जुन्या अक्षराभोवती अकराव्या शतकातल्या उपलांड शिलांची वेटोळी सर्पनक्षी. ईसचा आकार दोन्ही मालांत सारखाच असल्याने चूक लगेच दिसत नाही, पण शेजारी जुन्या मालेतली अक्षरं ठेवलीत तर मध्ये काही शतकांची दरी पडते. एकच काळ निवडा.

उभी_रेघ

सीमारेषा घेतो. त्या बर्फाच्याच तड्यांनी करता येतील, वर एक आणि खाली एक आडवा तडा. स्टॉकहोमकरांनी सांगितलेली पडद्याची युक्ती तिथे चालेल. पांढरा, बुडबुड्यांचा भाग उजवीकडे ठेवतो आणि रेघ मध्याच्या डावीला, काळ्या भागातून.

शेंदूर_गेरू

काळ्यातून जाणार असेल तर एक अडचण आत्ताच सांगते. गेरू आणि गडद हिरवट काळा यांची रंगछटा वेगळी असली तरी उजळपणा जवळजवळ सारखा. दोन हात अंतरावरून रेघ गायब होते. मोबाइलने कृष्णधवल फोटो काढून पाहा, लगेच कळेल.

उपाय: काळ्यावर लाल लावायचाच नाही. आधी बर्फ पूर्ण करा, मग रेघ कोरा, म्हणजे खाली खडूचा पांढरा उघडा पडतो, आणि त्या पांढऱ्यावर पातळ गेरू. खालून उजेड परततो आणि तोच गेरू दुप्पट जिवंत दिसतो. आधी कोरणं मग रंगवणं हा क्रम शिलांचाही आहे.

फलकशिल्पी

कोरण्याचे नियम. टेम्परा हाताला लगेच सुकतो पण पक्का व्हायला वेळ घेतो. शेवटच्या थरानंतर किमान दोन आठवडे थांबा, नाहीतर कडेचे कपचे उडतात. आठ हातांचा थर साधारण मिलिमीटरभर असतो, त्यापेक्षा खोल गेलात तर एमडीएफचा तपकिरी भुसा दिसेल. रेघ 4 मिमी रुंद ठेवायची असेल तर खोली पाऊण मिमीपर्यंतच.

पोलादी पट्टी लावून धारदार कटरने आधी दोन्ही कडा हलक्या हाताने आखा, तीन-चार वेळा फिरवत. मग आतल्या बाजूला तिरके काप, दोन्हीकडून, मध्ये मिळतील असे. सगळी खोली एका फटक्यात काढू नका. खडू फार कोरडा, ठिसूळ वाटला तर बारीक ब्रशने फक्त रेघेच्या आत थोडं पाणी फिरवा, दोन मिनिटं थांबा, चीजसारखा कापला जातो. पाणी रंगावर ओघळू देऊ नका. नाकातोंडाला मास्क लावा आणि भुगा फुंकून उडवू नका, मऊ ब्रशने झटका.

रेघ पट्टीने आखली तरी तळ अगदी एकसारखा घासू नका. हत्याराचे बारीक टप्पे राहिले की गेरू त्यांत कमीजास्त साचतो आणि रेघ हाताने केलेली वाटते.

शेंदूर_गेरू

कोरलेला खडू पाणी शोषतो, त्यामुळे गेरू कडेवरून बाहेर पसरतो. आधी रेघेच्या आत सरसपाण्याचा एक पातळ हात द्या. मग गेरू तीन पातळ हातांत. पहिला हात फिका, दिसलाच नाही असा वाटला तरी दाट करू नका.

कोकणवारा

बलकाला बुरशी लागते, विशेषतः भिंतीला चिकटून टांगलेल्या चित्राला. रंगवताना बलकात लवंगतेलाचा एक थेंब. फ्रेम काचेची असेल तर काच आणि रंग यांत 5 मिमीची पट्टी हवी, आणि मागे भिंतीपासून बोटभर अंतर.

उभी_रेघ

व्हार्निशबद्दल माझा विचार असा: सहा महिने थांबून फक्त बर्फावर एक पातळ चकचकीत हात. सुकलेला टेम्परा मॅट असतो, त्यामुळे काळं पाणी राखाडी दिसतं. व्हार्निशने ते पुन्हा खोल जातं. रेघ मात्र कोरडी ठेवायची. निसरड्या, चकाकत्या पृष्ठभागात एकच खरबरीत, मातीची रेघ.

फलकशिल्पी

पटतंय. रेघेत व्हार्निश जाऊ नये म्हणून ब्रश रेघेला समांतर चालवा, आडवा नाही, आणि कडेपासून केसभर आधी थांबा. टांगताना दिवा समोरून नको, डावीकडून तिरका. समोरच्या उजेडात चकाकी डोळ्यांत येते आणि खाच सपाट दिसते. तिरक्या उजेडात खाचेची डावी भिंत सावलीत जाते, उजवी उजळते, आणि चार मिमीच्या रेघेत लालाच्या दोन छटा दिसतात.